आईचं कोपर आणि स्वीडनचा ओटा

जळगावच्या घरातलं किचन नवीन करायचं ठरलं तेव्हा मी तीन महिने मोबाईलवर नुसते स्कॅन्डिनेव्हियन किचनचे फोटो बघत होते. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, हँडल नसलेली दारं, ओट्यावर एक लिंबू आणि बाकी काही नाही. आईला दाखवलं तर म्हणे, "हाऊ काय दवाखाना शे का?"

राग आला, पण म्हातारीचं बरोबर होतं. डिसेंबरात स्टॉकहोमला दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो, मिळेल तेवढा उजेड घरात खेळवायचा म्हणून तिकडे सगळं पांढरं आणि लाकूडही बर्च, अ‍ॅश, पाईन असं फिकट. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि आपण उजेड अडवायला पडदे लावतो. त्यात भरताच्या वांग्यांचा धूर, शेवभाजीची फोडणी, पांढरा रंग दिवाळी बघायला उरलाच नसता.

मग रंग सोडला आणि बाकीचं घेतलं. गावाकडचं धाब्याचं घर पाडलं होतं, त्याच्या सागवानी तुळया पडून होत्या, मिस्त्रींनी त्याच कापल्या. आत कुठेतरी जुना खिळा असायचा आणि रंध्याचं पातं खर्रकन त्याच्यावर जायचं, मग मिस्त्री काही न बोलता चहा मागायचे. असे सहा चहा झाले.

खरी मजा ओट्याच्या उंचीची. स्वीडनमध्ये १९४४ साली घरकामावर संशोधन करणारी एक संस्था निघाली, बायका स्वयंपाकघरात कशा वावरतात, किती वाकतात हे त्यांनी चक्क मोजलं आणि त्यातून पुढे किचनची मापं ठरत गेली. आता तिकडे ओटा साधारण ९० सेंटिमीटरचा. आमची आई चार फूट अकरा इंच, तिला तिथे भाकरी थापायची तर पाटावर उभं राहावं लागलं असतं. मिस्त्रींनी तिला उभं केलं, "मावशी, हात वाकडा करा," कोपराच्या खाली पेन्सिलने भिंतीवर रेघ मारली आणि तिथेच कडप्पा बसवला, ७८ सेंटिमीटरवर. मी वाकते, माझी पाठ दुखते, पण भाकरी तीच करते ना.

दुसरी चोरी फिनलंडची. सिंकच्या वर बिनतळाचं कपाट, आत जाळ्या, धुतलेली ताटं उभी ठेवायची की पाणी खाली सिंकमध्ये गळतं आणि दार लावलं की पसारा गायब. १९४० च्या दशकात माइयू गेबहार्ड नावाच्या बाईंनी ते तिकडे घरोघर रुजवलं. बघायला गेलं तर आपला भांड्यांचा स्टँडच, फक्त दार लावलेला.

लाकडाला सनमायका नाही, पॉलिश नाही, नुसतं जवसाचं तेल. एक सांगून ठेवते, तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तेल वाळताना आतल्या आत तापतं आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात, आपल्या उन्हाळ्यात तर अजिबात नको. आम्ही दोरीवर पसरून वाळवायचो, शेजारच्या काकू विचारायच्या, एवढी पोतेरी कशाला धुता?

सगळं बसलं, फक्त पुरणपोळीचं खापर कुठल्याच कपाटात मावेना. ते मागच्या पडवीत खुंटीला टांगलंय, आजीच्या वेळी होतं तिथेच.