तुम्ही विचारलंत म्हणून: थ्रीडी बघताना डोकं का दुखतं?

थ्रीडी सिनेमा बघून आलेला माणूस हमखास विचारतो, डोकं का दुखतं, चष्मा भिकार असतो म्हणून का? चष्म्याकडेही थोडा दोष जातो. पण बरंचसं दुखणं शूटिंगलाच सुरू झालेलं असतं.

थ्रीडीसाठी प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र लागतं, म्हणून एकच दृश्य दोन कॅमेऱ्यांनी टिपतात. आपल्या दोन डोळ्यांत साधारण 65 मिलिमीटर अंतर असतं. मोठे सिनेकॅमेरे इतक्या जवळ शेजारीशेजारी मावत नाहीत. म्हणून ते काटकोनात बसवतात आणि मधे 45 अंशांत अर्धपारदर्शक आरसा लावतात. एक कॅमेरा आरशातून आरपार बघतो, दुसरा प्रतिबिंब टिपतो. उजेड निम्मा-निम्मा वाटला जातो, म्हणजे दोघांनाही एक स्टॉप (कॅमेऱ्याच्या भाषेत निम्मा उजेड) कमी. लाइट्स वाढवणं आलंच. शिवाय आरसा प्रकाशाचं ध्रुवीकरण करतो, म्हणजे ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाश जास्त परावर्तित करतो आणि बाकीचा जास्त आरपार सोडतो. त्यामुळे ओल्या रस्त्यावरची चमक एका डोळ्याला दिसते, दुसऱ्याला नाही, आणि मेंदू गोंधळतो. त्यासाठी आरशापुढे क्वार्टर-वेव्ह फिल्टर लावतात; त्यामुळे अशी चमक दोन्ही कॅमेऱ्यांत सारखी वाटली जाते.

सगळ्यात छळते ती उभी चूक. दोन चित्रं आडवी सरकली तर त्यातूनच खोली दिसते. एक वर, एक खाली गेलं की मात्र डोळ्यांची ओढाताण होते. झूम करताना दोन लेन्सचा मध्य किंचित वेगळा सरकला तरी एवढं पुरतं.

आडव्यालाही मर्यादा आहेच. दूरच्या डोंगराची दोन चित्रं पडद्यावर 65 मिलिमीटरपेक्षा लांब गेली, तर डोळ्यांना बाहेर फाकावं लागतं. 12 मीटर रुंद पडद्यावर 2के (रुंदीत 2048 पिक्सेल) चित्राचा एक पिक्सेल साधारण 6 मिलिमीटरचा, म्हणजे हाताशी जेमतेम 11 पिक्सेल! एडिटिंगच्या छोट्या मॉनिटरवर झकास वाटलेला शॉट थिएटरात फसतो तो इथे.

आता चष्मा. ध्रुवीकरणाच्या पद्धतीत डाव्या-उजव्या चित्राचा प्रकाश वेगवेगळा ध्रुवीकृत असतो आणि चष्म्याची प्रत्येक काच फक्त आपल्या डोळ्याचं चित्र आत सोडते. बहुतेकदा एकच प्रोजेक्टर डावं-उजवं चित्र आलटून पालटून, सेकंदाला 144 वेळा फेकतो. पडदा चंदेरीच लागतो. साध्या पांढऱ्या पडद्यावर ध्रुवीकरण विस्कटतं आणि एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात भुतासारखं डोकावतं. फिल्टर आणि चष्मा उजेडही भरपूर खातात. चंदेरी पडदा कडेच्या खुर्च्यांवरून आणखी काळपट दिसतो, तेव्हा तिकीट मधलं काढा.

दुखायला लागलं तर क्षणभर चष्मा काढून बघा. दुहेरी कडा आडव्याच सरकलेल्या हव्यात. वर-खाली दिसल्या तर दोष तुमच्या डोळ्यांचा नाही. आणि मागची वस्तू पुढे आल्यासारखी वाटली, तर चष्म्याची वरची बाजू खाली करून बघा. चित्र जागेवर आलं, तर डावं-उजवं अदलाबदल झालंय. उठून ऑपरेटरला सांगा.