तुम्ही विचारलंत म्हणून: पैसा नव्हता तर गाव चालायचं कसं?

शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी जुने विद्यार्थी भेटले की एक प्रश्न हमखास येतो. आता त्यांची मुलंही तोच विचारतात. "बाई, तुमच्या लहानपणी गावात कुणाकडं पैसा नव्हता म्हणता. मग सुताराला, न्हाव्याला द्यायचे काय? आणि सरकारला?" रस्त्यात उभ्या उभ्या मी दोन वाक्यं बोलते आणि घरी आल्यावर वाटतं, निम्मंसुद्धा सांगून झालं नाही. म्हणून आज बसून लिहिते.

मी खानापूर तालुक्यातली, विट्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यातली. जन्म १९५१ चा. वडील गावचे सुतार. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, आम्हीही आबाच म्हणायचो. त्यामुळे हा व्यवहार मी शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिला नाही, खळ्यावर पाटी घेऊन उभं राहणाऱ्याच्या बाजूनं पाहिला.

आमच्याकडं बावीस औतं होती. म्हणजे बावीस बैलजोड्यांच्या घरांचं लाकूडकाम आबांकडं होतं. नांगर, कुळव, पेरायची कुरी, जू, शिवळा, विहिरीतलं पाणी ओढायच्या मोटेचा कणा, जे मोडेल ते आबांनी नीट करायचं. लाकूड शेतकऱ्याचं, बहुतेक बांधावरची बाभळ. हात आबांचे. दर खेपेला मोबदला काही नाही. वर्षाच्या सुगीला औतामागं सहा पायल्या ज्वारी आणि कडब्याच्या पाच पेंढ्या, हे ठरलेलं. त्याला बलुतं म्हणायचं. सुतार थोरल्या ओळीतला, कारण त्याच्यावाचून पेरणीच अडते. न्हावी, परीट, कुंभार यांचं माप आमच्यापेक्षा कमी असायचं.

हिशेब करून बघा. बावीस घरांच्या सहा-सहा पायल्या म्हणजे एकशे बत्तीस पायल्या. आमच्याकडं मण बारा पायल्यांचा धरत, काही गावांत तो सोळाचा. म्हणजे अकरा मण ज्वारी. घरात खाणारी सहा तोंडं. आई सांगायची, एवढ्यात सात-आठ महिने निघतात, ते पण भाकरी मोजून थापली तर. उरलेलं आमच्या चार एकरांच्या तुकड्यातून आणि नवीन कामातून भागवायचं. नवी बैलगाडी, घराचं दार, चौकट हे बलुत्यात बसत नसे. त्याचे वेगळे पैसे किंवा वेगळं धान्य, ते आधी बोलून ठरवलेलं.

खळ्यावरचा दिवस मला आजही लख्ख दिसतो. जमीन चोपून, शेणानं सारवून खळं केलेलं, मधोमध तिवडा, म्हणजे बैल बांधायचा खांब. बैलांची मळणी झाली, वारं देऊन झालं, रास लागली की शेतकरी पायताण काढून राशीजवळ बसायचा. पहिलं माप भरताना 'एक' म्हणायचं नाही. 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन. मापाचीही एक शिडी होती. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आईची नजर मात्र शब्दांवर नसायची, मापावर असायची. कुणी पायली शिगोशीग भरायचा, कुणी हातानं वरून कापायचा, कुणाचा अंगठा मापाच्या आत असायचा. सहा पायल्यांत अंगठ्यानं शेरभर ज्वारी जाते. आई तोंडानं बोलायची नाही. घरी आल्यावर आबांना सांगायची आणि आबांच्या डोक्यात ते राहायचं. पुढच्या मृगाला त्या घरची कुरी आमच्या दारात रांगेत शेवटी लागायची. तक्रार अशी नोंदवली जायची आणि निकालही असाच लागायचा.

लोकांना वाटतं ही अदलाबदल होती, तू मला कुळव दे, मी तुला ज्वारी देतो. तसं ते नव्हतं. एखाद्या घरचं औत वर्षभर मोडलंच नाही तरी सहा पायल्या यायच्याच. दुसऱ्या घरची कुरी तीनदा मोडली तरी सहाच. पीक बुडालं तर शेतकरी म्हणायचा, "आबा, यंदा काय न्हाई, म्होरल्या साली बघू," आणि आबा तरीही त्याचं काम करायचे. बेंदराला, बैलांच्या सणाला, मात्र बावीस घरांतून पुरणपोळीचं ताट आमच्याकडं यायचंच, पीक येवो न येवो.

आता जे बोलायला जड जातं तेही सांगते, कारण विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हा सगळा काळ गोड वाटतो. आमच्या पाटीत धान्य नीट मापून पडायचं. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या बाया खळ्याच्या कडेला लांब उभ्या असायच्या. त्यांच्या पदरात वरून टाकलं जायचं, आणि शेवटी खळं झाडून निघणारं मातेरं, माती मिसळलेलं धान्य, ते त्यांना. त्यांची कामं मोजा. सरकारी साऱ्याची, म्हणजे जमिनीवरच्या कराची, थैली तालुक्याला पोचवायची, निरोप न्यायचे, हद्दीच्या खुणा दाखवायच्या, मेलेलं जनावर ओढायचं. आबांना एखाद्याचं काम मागं ठेवता यायचं. त्यांना नाही म्हणताच यायचं नाही. पिढ्यान्पिढ्या अंगावर येणारं हे गावकाम, हे वतन, माणसाला बांधून ठेवतं म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं गेली ती १९५९ साली. मी तेव्हा तिसरीत होते. आमच्या घरात त्यावर नाराजीनं बोललेलं मी ऐकलंय. मोठी झाल्यावर आबांशी या एका गोष्टीवरून मी भांडलेही. जी व्यवस्था आम्हाला जगवत होती तीच दुसऱ्याची मान खाली दाबत होती, आणि आम्ही ते रोज डोळ्यांनी बघत होतो.

बलुत्याबाहेरचंही देणं-घेणं होतं, ज्यात धान्यसुद्धा हलायचं नाही. भांगलणीला बाया पैऱ्यानं जायच्या, आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. कुणाचा बैल मेला, कुणी आजारी पडला तर इर्जिक घालायची. आठ-दहा औतं एका दिवसात त्याचं रान नांगरून द्यायची, घरमालकानं फक्त रात्रीचं जेवण घालायचं. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या हिश्शावर चालायच्या. आठ आण्यांचा हिस्सा म्हणजे निम्मं पाणी. यात्रेची वर्गणी उंबऱ्यामागं. या सगळ्याचा कागद कुठंच नव्हता.

मग पैसा लागायचा कुठं? मीठ, रॉकेल, काडेपेटी, कापड आणि लोखंड. एवढ्यासाठी बाजार. आई आठवड्याच्या बाजाराला अंडी, एखादी कोंबडी, कधी साठवलेलं तूप न्यायची. भवानी झाली की पहिलं नाणं कपाळाला लावायची. परत येताना त्याच पैशाचं माळवं, मीठ आणि आमच्यासाठी चिरमुरे. गावातल्या वाण्याकडं तर आम्ही पोरं ओंजळभर ज्वारी घेऊन जायचो आणि वाटीत तेल घेऊन यायचो. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा मी सहा वर्षांची होते. रुपयाचे सोळा आणे होते, आता शंभर पैसे झाले. चवलीचे, म्हणजे दोन आण्यांचे, साडेबारा पैसे कसे द्यायचे-घ्यायचे यावर बाजारात किती दिवस वाद चालले! आण्याला सव्वासहा पैसे येतात. तो पाव पैसा कुणाकडं राहायचा? गरिबाकडं नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. पुढच्या साली किलो सुरू झाला, पण आमच्या घरातली पायली त्यानंतर कितीतरी वर्षं कोनाड्यात होती आणि वापरात होती.

पण खरा रोख पैसा लागायचा तो साऱ्याला, आणि तुमच्या प्रश्नाचं माझ्या मते खरं उत्तर इथंच आहे. गावातलं कुठलंही देणं धान्यात, कामात किंवा पुढच्या सालाच्या शब्दावर भागायचं. सरकारचं भागायचं नाही. सरकारला नाणंच लागायचं, तेही ठरल्या तारखेला. पहिला हप्ता यायचा तेव्हा ज्वारी रानात उभी असायची. दवंडी पिटायची, कोतवाल दारात येऊन उभा राहायचा, आणि ज्याच्या घरात दाणा होता पण नाणं नव्हतं तो सावकाराकडं जायचा. उभं पीक तारण, सुगीला सावकार सांगेल तो भाव. थोडक्या रुपयांच्या साऱ्यापायी माणसं अशी अडकायची. ही गोष्ट माझ्या लहानपणापेक्षा फार जुनी आहे. १८७५ साली पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं जाळली, त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून सोडवण्यासाठी कायदा झाला. तो ज्या चार जिल्ह्यांना आधी लागू झाला त्यांत पुणे, नगर, सोलापूरबरोबर आमचा सातारा होता. तेव्हा आजची सांगली बरीचशी साताऱ्यातच होती.

आबांच्या पत्र्याच्या पेटीत साऱ्याच्या पावत्या जपलेल्या आहेत. सर्वांत जुन्यांवर जिल्हा सातारा. १९४९ नंतरच्या दक्षिण सातारा. १९६० नंतर सांगली. गाव जागेवरून हललं नाही, पावती बदलत गेली. चार एकरांचा आकार, म्हणजे ठरलेला सारा, दोन रुपये सहा आणे, वर लोकल फंडाचा कर. आधी पावती फाडणारे वंशपरंपरेचे कुलकर्णी होते, १९५१ पासून पगारी तलाठी आले. आबांना वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक पावती त्यांनी नागाच्या वेटोळ्यासारखी गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली. भरलेला सारा पुन्हा मागितला तर काय करायचं, ही भीती. घरातला तेवढाच एक कागदाचा व्यवहार होता, आणि तेवढाच एक भीतीचा.

बलुतं संपलं कसं, हेही विचारता. एका दिवसात नाही. किर्लोस्करवाडी आमच्यापासून लांब नाही. १९१० पासून तिथं कारखाना होता, लोखंडी नांगर तिथलेच. लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणणारी माणसं आधी होती, पण नांगर टिकायचा, खोल जायचा. माझ्या लहानपणापर्यंत लाकडी नांगराचं काम निम्म्यावर आलं होतं. मोटेच्या जागी इंजिन आलं तसा कणाही गेला. आबांनी कुणाला दोष दिला नाही. किर्लोस्करांचा नांगर हातात धरून त्याचा फाळ बघत बसलेले मला आठवतात. चांगलं काम त्यांना ओळखू यायचं.

शेवट केला तो १९७२ च्या दुष्काळानं. त्या साली खळंच लागलं नाही. बावीस औतांपैकी कितीतरी बैल आधीच बाजारात विकले गेले होते. मी नुकतीच शिक्षिका म्हणून नोकरीला लागले होते. आई खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेली. मुकादम मस्टरवर अंगठा घ्यायचा, सुकडी मिळायची, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी, आणि आठवड्याला रोख पगार. बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या माझ्या आईच्या हातात स्वतःच्या कामाचे पैसे पहिल्यांदा त्या उन्हात आले. तिनं ते पदराच्या गाठीत बांधले आणि रात्री झोपतानाही सोडले नाहीत. आमच्या गावातल्या ज्या बायांना जन्मभर खळ्याच्या कडेला उभं राहावं लागलं होतं, त्या आईच्याच शेजारी बसून तेवढीच खडी फोडत होत्या आणि तेवढाच पगार घेत होत्या.

पुढं पाऊस पडला, रानं हिरवी झाली, पण लोकांनी सुगीला पायली काढली नाही. १९७४ च्या मृगाच्या आधी, एक शेतकरी, ज्याच्या घराशी आमचं आज्यापासूनचं बलुतं होतं, कुरी घेऊन आला. चाडं, म्हणजे बी सोडायची वाटी, फुटलेलं आणि एक दांडी सैल. आबांनी अर्ध्या दिवसात नीट करून दिली. त्यानं बंडीच्या खिशात हात घातला आणि विचारलं, "आबा, किती द्यायचं?"

आबा गप्प. साठीच्या माणसानं कुरी दुरुस्तीचा दर जन्मात कधी सांगितला नव्हता. शेवटी म्हणाले, "तूच बघ बाबा."

त्यानं दोन रुपयांची नोट दिली. आबांनी ती रंध्याखाली ठेवली. रात्री जेवताना आईनं विचारलं, "कमी दिलं का जास्त?"

"ते कसं कळायचं?" आबा म्हणाले, आणि भाकरी मोडली.