मोबाइल नंबर हाच पासवर्ड

नागपूरच्या कोणत्याही फ्लॅट स्कीममध्ये, मग ती मनीषनगरातली असो वा त्रिमूर्तीनगरातली, फोनवर वाय-फायची यादी उघडली की डझनभर नावे दिसतात आणि जवळपास प्रत्येक नावापुढे कुलपाचे चिन्ह असते. ते चिन्ह दिसले की आपण निश्चिंत होतो. कुलूप कोणत्या जातीचे आहे, हे सहसा कुणी पाहत नाही.

१९९७ च्या मूळ ८०२.११ या वाय-फाय मानकातले डब्ल्यूईपी हे कुलूप रचनेतच कच्चे होते. माहितीच्या प्रत्येक तुकड्यासाठी, म्हणजे पॅकेटसाठी, गुप्त किल्लीला जोडला जाणारा बदलता आकडा केवळ २४ बिटांचा, म्हणजे जेमतेम १ कोटी ६८ लाख शक्यतांचा असल्याने वर्दळीच्या नेटवर्कवर तेच आकडे पुन्हा येत. २००१ मध्ये फ्लुहरर, मॅन्टिन आणि शमीर यांनी त्यातून किल्ली काढण्याची रीत दाखवली आणि तो विषय संपला. २००४ मध्ये आलेले डब्ल्यूपीए२ हे कुलूप एईएस या माहिती सांकेतिक करण्याच्या पद्धतीवर उभे आहे, आणि ते एईएस तोडणे अजून कुणाला साधलेले नाही.

तोडण्याची गरजच पडत नाही, ही खरी अडचण आहे. फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार संदेशांची देवाणघेवाण होते. पासवर्ड त्यांतून जात नसला, तरी एखादा अंदाज बरोबर आहे का, हे ताडून पाहण्यापुरता मजकूर हवेत उघडा असतो. बाजूच्या विंगमधल्या माणसाने तो एकदा टिपला, की पुढचे सगळे अंदाज त्याला स्वतःच्या संगणकावर, राउटरला पत्ता लागू न देता करता येतात. एकेक अंदाज तपासायला ४,०९६ फेऱ्यांचे गणित करावे लागते हे खरे. पण आजचे चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून अधिक अंदाज तपासते.

आता नेट बसवायला येणारा मुलगा काय करतो ते आठवा. “काका, पासवर्डमध्ये तुमचा मोबाइल नंबरच टाकून देतो, लक्षात राहील.” भारतातले मोबाइल क्रमांक दहा अंकी आणि ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होणारे, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. वरच्या वेगाने त्या सगळ्या तासाभरात तपासून होतात. (शेजाऱ्याला तेवढेही कष्ट नकोत, नेटवर्कला फ्लॅटचा क्रमांक दिलेला असतो आणि फोन नंबर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतो.)

कुणी वापरले थोडे नेट तर काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी जुलै २००८ आठवावा. अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घरच्या वाय-फायवरून गेला होता, आणि तपास आधी त्या घरी पोहोचला.

डब्ल्यूपीएसचा, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याच्या सोयीचा, आठ अंकी पिन राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन बंदच करावा, कारण तो दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे.

२०१८ च्या डब्ल्यूपीए३ मध्ये प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी प्रत्यक्ष बोलावे लागते, त्यामुळे घरी बसून कोट्यवधी अंदाज करण्याची सोय उरत नाही. मात्र जुने फोन चालावेत म्हणून बरेच राउटर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ एकाच पासवर्डवर सोबत चालवतात, आणि घरातला एक जुना फोन डब्ल्यूपीए२ ने जोडला गेला, की तोच मजकूर पुन्हा हवेत उघडा पडतो.