पाठवणाऱ्याची पत आणि अडकलेलं कोटेशन

मागच्या आठवड्यात एका सप्लायरचं कोटेशन दोन दिवस आमच्या जंक फोल्डरमध्ये पडून होतं. ऑफिसचा मेल सर्व्हर मी बघते, त्यामुळे फोन मलाच आला. मेल उघडला तर काहीच वावगं नाही, चार ओळी आणि एक पीडीएफ. मग हेडर, म्हणजे मेलची लपलेली तांत्रिक माहिती, बघितला. मजकुराचा स्कोअर जेमतेम 1, आणि पुढे एडब्ल्यूएल=6, म्हणजे एकूण 7. स्पॅमअसॅसिन, म्हणजे आमचा स्पॅम गाळणारा प्रोग्राम, प्रत्येक मेलला संशयाचे गुण देतो, आणि त्यात मुळात 5 झाले की मेल स्पॅम.

हे एडब्ल्यूएल म्हणजे ऑटो-व्हाइटलिस्ट, 'यांना येऊ द्या' अशी आपोआप बनणारी यादी, पण नावावर जाऊ नका, ती वाण्याच्या वहीसारखी आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि त्याच्या सर्व्हरच्या आयपीच्या (इंटरनेटवरच्या क्रमांकाच्या) चार भागांपैकी पहिले दोन मिळून एक खातं, त्यात आजवरच्या सगळ्या मेलच्या स्कोअरची बेरीज आणि मेल किती आले ते. नवीन मेल आला की त्याचा स्कोअर जुन्या सरासरीकडे अर्धं अंतर ओढला जातो. म्हणजे नेहमी 1 मिळवणाऱ्या ओळखीच्या माणसाचा एखादा मेल 7 वर गेला तरी 4 होऊन इनबॉक्समध्ये येतो, आणि हे मला खरंच फार आवडतं, कारण रोजच्या माणसाचा एक शब्द चुकला म्हणून त्याला दारात अडवायचं नाही.

पण या सप्लायरचं अकाउंट महिन्याभरापूर्वी एका रात्री हॅक झालं होतं. त्याआधी त्याचे 3 मेल, प्रत्येकी 1. त्या रात्री त्याच्याच सर्व्हरवरून 9 मेल, प्रत्येकी 17. बेरीज 156, मेल 12, सरासरी 13. पासवर्ड बदलला, माणूस तोच, पण वहीतली पत गेली ती गेलीच. मी कागदावर मांडून बघितलं, असेच 1 वाले साधे मेल येत राहिले तरी पहिले सात जंकमध्येच जाणार, आठवा कुठे पार होणार. सात मेल वाट बघायला कोणाकडे वेळ आहे, तोवर ऑर्डर दुसऱ्याला जाते.

मी कमांड देऊन त्या पत्त्याची नोंद पुसली, पाटी कोरी. आता एडब्ल्यूएलच्या जागी टीएक्सरेप लावतेय, पत मोजायची ही नवी पद्धत, ते स्पॅमअसॅसिनच्या 3.4.0 आवृत्तीत 2014 साली आलं. ते पत्त्याबरोबर डोमेन, आयपी वगैरेंचीही वेगवेगळी पत धरतं, आणि मुख्य म्हणजे जुन्या मेलचं वजन दर नव्या मेलबरोबर थोडं थोडं कमी करत जातं. एका वाईट रात्रीचं ओझं इतके दिवस कोणाच्या डोक्यावर राहू नये असं मला मनापासून वाटतं.

काल त्याचं सुधारित कोटेशन आलं, स्कोअर 1, थेट इनबॉक्समध्ये.