दिरहम वाचन, महिना आठवा: वासितची किनार सुटली

मंडळी, माझ्याकडच्या वासितच्या (इराकमधलं जुनं टांकसाळीचं शहर) दिरहमची, म्हणजे चांदीच्या जुन्या इस्लामी नाण्याची, किनार (कडेने गोल लिहिलेला मजकूर) परवा रात्री अखेर पूर्ण वाचून झाली. वजन २.८५ ग्रॅम, एका जागी कड कापलेली. ‘बिस्मिल्लाह, हा दिरहम वासितमध्ये पाडला, सन...’ इथपर्यंत मी दिवाळीतच पोचले होते. पुढे एका आकड्यावर गाडी अडली होती.

या कूफी (जुन्या कोनदार अरबी लिपीतल्या) मजकुरात नुक्ते, म्हणजे अक्षरं वेगळी ओळखू देणारे ठिपके, नाहीत. त्यामुळे ‘सबअ’ (सात) आणि ‘तिसअ’ (नऊ) हे दोन्ही शब्द चार दाते (छोट्या उभ्या रेघा) आणि शेवटी ऐन हे अक्षर असेच दिसतात. साल ११७ की ११९? नव्याने शिकणाऱ्यांसाठी खूण सांगते: सातमध्ये चौथा दाता जरा उंच काढलेला सापडतो, नऊमध्ये पहिला. झिजलेल्या नाण्यावर भिंगातूनही हा फरक कळेना. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरला, फोटो काढला, आणि चौथा दाता सावली टाकून उभा राहिला! हिजरी ११७, म्हणजे इ.स. ७३५.

तेव्हा दमास्कसच्या गादीवर उमय्या खलिफा हिशाम होता. स्पेनपासून सिंधपर्यंत त्याचं राज्य, पण नाण्यावर त्याचं नाव कुठेच नाही. आधीचा उमय्या खलिफा अब्द अल-मलिक याने हिजरी ७९ मध्ये चांदीची नाणी बदलली, तेव्हापासूनची ही पद्धत: चित्र नाही, राजाचं नाव नाही, फक्त धर्मवचन, टांकसाळ आणि साल. या कोऱ्या आत्मविश्वासाचं मला फार अप्रूप वाटतं.

७५० मध्ये उमय्यांना हटवून अब्बासी घराण्याचे खलिफा आले. त्यांचा दिरहम ओळखायला किनारीपर्यंत जावंही लागत नाही. मागच्या बाजूला मधोमध ‘अल्लाहु अहद’ने सुरू होणारं वचन होतं, ते जाऊन तिथे ‘मुहम्मद रसूल अल्लाह’ आलं.

मग नावं येऊ लागतात. खलिफा म्हणून स्वतःचं नाव घालणारा पहिला अब्बासी अल-महदी. हारून अल-रशीदच्या काळात काही नाण्यांवर जाफर हे वजिराचं नाव दिसतं; ८०३ मध्ये त्याचं बर्मकी घराणं बुडालं आणि तेही गेलं. नावं आली म्हणजे राज्य खचलं, असं मात्र समजू नका. अल-महदीच्या वेळी सगळं भक्कम होतं. नाव कुणाचं आहे ते बघायचं. ९४५ मध्ये बुवैही हे इराणी लष्करी घराणं बगदादमध्ये शिरलं, आणि त्यानंतरच्या नाण्यांवर खलिफा अल-मुतीच्या जोडीला मुइझ अल-दौला, रुक्न अल-दौला अशा बुवैही सत्ताधीशांच्या बिरुदांच्या ओळी दिसतात. माझ्याकडचा बुवैही दिरहम मी सगळ्यांच्या नंतर घेतला, पण बगदादची सत्ता कुणाच्या हातात गेली हे त्याच्याइतकं स्पष्ट मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

या महिन्याची खरी मेजवानी मात्र आपल्याकडची. एका जुन्या संग्राहक काकांनी दिल्लीचा सुलतान बल्बन याचा चांदीचा टंका (नाणं) हातात दिला, साधारण ११ ग्रॅमचा. एका बाजूला सुलतान, दुसऱ्या बाजूला ‘अल-इमाम अल-मुस्तसिम, अमीर अल-मुमिनीन’. मुस्तसिम हा बगदादचा शेवटचा अब्बासी खलिफा; त्याला मंगोलांनी १२५८ मध्ये बगदादमध्ये मारलं. बल्बन गादीवर आला १२६६ मध्ये! खलिफा नाही, बगदादची खिलाफत नाही, आणि दिल्लीची टांकसाळ त्याच नावाने चांदी पाडते आहे. जलालुद्दीन खलजीपर्यंत हे चाललं. ती ओळ मी काकांना मोठ्याने वाचून दाखवली. ते नाणं तीस वर्षं त्यांच्याकडे आहे, तरी आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

ते नाव उतरवलं अलाउद्दीन खलजीने, म्हणजे १२९६ मध्ये देवगिरी लुटून गेला तोच. त्याने स्वतःला ‘सिकंदर सानी’ (दुसरा सिकंदर) आणि ‘खिलाफतीचा उजवा हात’ म्हणवलं, खलिफाचं नाव न घेता. त्याचा चांगला वाचता येईल असा टंका अजून हाती लागलेला नाही. तोवर समानी (मध्य आशियातलं एक घराणं) दिरहमची आतली किनार घेऊन बसले आहे. पहिले तीन शब्द लागले आहेत.