उशी पोटाशी बांधलेली नवरी

आज सुट्टी होती, म्हणून दुपारी आईला सोबत घेऊन 'फनी गर्ल' (1968) पाहिला. न्यूयॉर्कमधल्या ज्यू वस्तीतली खरीखुरी गायिका-नटी फॅनी ब्राइस, तिची ही गोष्ट. रूप बेताचं, गळा मात्र असा की बस्स! नाट्यनिर्माता झिगफेल्डच्या झगमगत्या रंगमंचावर तिला नवरीचं गाणं मिळतं, आपण किती सुंदर दिसतो ते मिरवायचं. सरळ गायलं तर लोक हसणार, हे तिला पक्कं ठाऊक. मग ही बया झग्याआत उशी खुपसते आणि चांगली पोटुशी नवरी होऊन अवतरते! प्रेक्षक लोटपोट, झिगफेल्डसाहेबांचा नुसता संताप. इंग्रजी संवाद आईच्या डोक्यावरून जात होते, पण इथे ती मटार सोलायचं सोडून पदर तोंडाला लावून हसत होती.

फॅनी झालेल्या बार्ब्रा स्ट्रायसँडचा हा पहिलाच सिनेमा, यावर विश्वास बसत नाही. ऑस्करही मिळालं, कॅथरीन हेपबर्नबरोबर बरोबरीत. बोटीवर उभी राहून गाते तिथे तर काटा आला अंगावर.

मध्यंतरानंतर मात्र गाडी रडतखडत चालते. ओमर शरीफ देखणा, पण त्याने रंगवलेला फॅनीचा जुगारी नवरा निक जरा जास्तच सभ्य वाटतो. निर्माता रे स्टार्क हा खऱ्या फॅनी-निकचाच जावई. सासऱ्यांना कोण काळं फासणार म्हणा!

आईचा निकाल: "पत्तेवाला तो, हिला बुडवणार हे मी मघाशीच म्हटलं होतं. उरलेले मटार तू सोल आता."