गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त

"काकू, रोज संध्याकाळी बसून एकेक गोचीड काढतो. तरी ह्याला ताप आलाच कसा?"

फोनवर, बाजारात, एसटीची वाट बघताना, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणाऱ्याने हयगय केलेली नसते, म्हणून तो जास्तच खचलेला असतो. मी डॉक्टर नाही. पण आमचा कुत्रा खंड्या दवाखान्यातल्या टेबलावर आडवा पडलेला असताना मीही डॉक्टरांना शब्दन् शब्द हेच विचारलं होतं. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सांगते.

आमचं घर चिपळूणजवळ, जांभ्याच्या चिऱ्यांचं. पडवीच्या भिंतीला तेव्हा गिलावा नव्हता. खंड्या गावठी, तांबूस रंगाचा, त्याच भिंतीला पाठ लावून गोणपाटावर झोपायचा. दिवेलागणीला मी त्याचे कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीखालची जागा चाचपायची आणि निघालेल्या गोचिडी करवंटीतल्या रॉकेलमध्ये टाकायची. पंधरा-वीस निघत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच. त्या गवतातून येत असतील असं मी धरून चालले होते.

दिवाळीच्या तोंडावर त्याने भात-मासळी हुंगून सोडली. ऑक्टोबरचं ऊन बाधलं असेल म्हणून मी दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर रक्ताचे थेंब होते, त्याच्या नाकातून पडलेले. डॉक्टरांनी आधी त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक. निरोगी कुत्र्याच्या रक्तात प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, साधारण दोन लाखांच्या वर असतात, त्याच्या अकरा हजार भरल्या. दुसऱ्या रात्री तो गेला.

त्यानंतर तेच डॉक्टर एकदा वाटेवर होते म्हणून घरी आले. पडवीत उभे राहून त्यांनी टॉर्च मागितला आणि चिऱ्याच्या एका भोकात उजेड टाकला. आत गोचिडी एकीला एक चिकटून बसलेल्या. मग त्याच्या वरच्या भोकात. मग पार वाशांपर्यंत. मी रोज करवंटीत टाकत होते त्या त्यांच्यातल्या मूठभर.

कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड जन्मभर कुत्र्यावर राहत नाही, हे मला तोपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू कुत्र्यावर चढतं, काही दिवस रक्त पितं, गळून पडतं आणि फटीत जाऊन कात टाकतं. आठ पायांचं होऊन पुन्हा चढतं, पुन्हा गळून पडतं. तिसऱ्या खेपेला पूर्ण वाढलेली मादी आठवडाभर पिऊन वाटाण्याएवढी फुगते, उतरते, भिंतीवर वर वर चढते, एखाद्या सांदीत हजारांनी अंडी घालते आणि मरते. ऊब आणि दमट हवा मिळाली की दोन-अडीच महिन्यांत हे चक्र पुरं होतं, आणि आपल्याकडे दोन्हींना तोटा नाही. वाढलेली गोचीड उपाशीपोटी वर्षभरही तग धरते. म्हणून कुत्रा गेल्यावर रिकामी राहिलेली पडवी वर्षाने आणलेल्या पिल्लाला पुन्हा आजारी पाडू शकते.

आता तुमचा प्रश्न. तापाचं एक मोठं कारण एर्लिकिया नावाचा जंतू. गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच तो कुत्र्याच्या रक्तात उतरू शकतो. सकाळी चिकटलेली तुम्ही दिवेलागणीला काढता, तोवर काम झालेलं असतं. त्यात ताप येतो तो चावल्यानंतर साधारण आठ ते वीस दिवसांनी, म्हणजे जिच्यामुळे आला ती गोचीड कधीच रॉकेलमध्ये गेलेली. काढणं सोडू नका, ते हवंच. फक्त तेवढ्यावर निर्धास्त राहू नका.

हा आजार 1935 मध्ये अल्जेरियात पहिल्यांदा नोंदला गेला. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याची शेकडो कुत्री त्याने दगावली, त्यात जर्मन शेफर्ड खूप होते. शेफर्डना हा आजार जास्त जड जातो. आमच्या भागात बागेच्या राखणीला शेफर्ड पाळायची हौस आहे, म्हणून त्यांच्या मालकांना मी हे मुद्दाम सांगते.

दुसरा तापही गोचिडीचाच, बबेसियाचा. हा जीव तांबड्या पेशी फोडतो. लघवी कोऱ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडू शकतात. दोन्हींची औषधं वेगळी, आणि एकाच कुत्र्याला दोन्ही असू शकतात. म्हणून "शेजाऱ्यांच्या टायगरला दिलेलीच गोळी देऊ का" याला माझं उत्तर नाही असंच आहे. आधी रक्त तपासा.

घरातली माणसांची तापाची गोळीही देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो. प्लेटलेट्स आधीच घसरलेल्या असताना ते जिवावर बेतणारं आहे. पॅरासिटामॉलचा डोस चुकला तर यकृत आणि रक्त दोन्ही बिघडतात. नाक गरम आहे की गार यावरून ताप ठरवू नका. थर्मामीटर गुदद्वारात लावावा लागतो. 101 ते 102.5 फॅरनहाइट ही कुत्र्याची नेहमीची उष्णता, आपल्याला तो ताप वाटेल.

गोठ्यात गुरांना लावायचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून करू नका, कुत्रा ते चाटतो. अंगाला रॉकेल चोळणं, काडी पेटवून गोचिडीला चटका देणं, हेही नको. चिमट्याने कातडीलगत धरा, सरळ ओढा, आणि नखाने चिरडू नका. माणसांना होणाऱ्या माकडतापाबद्दल विचारतात त्यांना एवढंच, तो पसरवणारी मुख्य गोचीड रानातली, ही नव्हे.

खंड्यानंतर आम्ही पडवीची भोकं सिमेंटने बुजवली, खालपासून वाशांपर्यंत, आणि गिलावा केला. खर्च झाला, पण त्याआधीचे सगळे पावडर-साबण त्यापुढे वाया गेले असं मला वाटतं. गोणपाट गेलं, चादरी आल्या, त्या उकळत्या पाण्यात धुते. आताच्या भोरीला डॉक्टर वजन बघून गोचिडीची चावून खायची गोळी देतात. काही गोळ्या महिनाभर पुरतात, काही तीन महिने. दारात जेवायला येणाऱ्या दोन भटक्या कुत्र्यांनाही त्यांना विचारूनच देतो, नाहीतर गोचिडी त्यांच्यावरून घरात येतात.

तरीही दोन वर्षांपूर्वी भोरीला एर्लिकिया झालाच. ह्या वेळी मी जेवण सोडण्याची वाट बघितली नाही. रोज कान बघताना ओठही वर करते. हिरडी बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. तिच्या हिरड्या काळ्या आहेत, पुष्कळ गावठी कुत्र्यांच्या असतात, म्हणून मी डोळ्याची खालची पापणी ओढून बघते. त्या दिवशी ती फिकट दिसली आणि तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. प्लेटलेट्स साठ हजार.

डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन 28 दिवस दिलं. चौथ्या दिवशी भोरी शेपटी हलवत ताटलीपाशी आली, आणि पुष्कळ घरं इथेच औषध थांबवतात. कुत्रा खायला लागला तरी जंतू आत दबा धरून राहतो, महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं, आणि पुन्हा उठतो तेव्हा अस्थिमज्जेपर्यंत पोचलेला असू शकतो. गोळी भाताच्या घासातून द्यायची, दुधातून नाही, दुधाने ती नीट लागू पडत नाही. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर 28 चौकटींना पेन्सिलीने गोल केले आणि रोज रात्री एक खोडला. शेवटचा खोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त द्यायला गेलो. दोन लाख चाळीस हजार.